दिवेवालीचं पुढं काय झालं

भुतांवर काडीचाही विश्वास नसलेला आणि तरीही भुतांची इतकी मनापासून काळजी वाहणारा माणूस साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात माझ्या मामेसासऱ्यांशिवाय दुसरा सापडणार नाही. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. बाभुळगावला राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळांमधून विज्ञान शिकवता शिकवता निवृत्त झाले. उमेदीच्या काळात ते गावोगावी अंधश्रद्धेविरुद्धचे कार्यक्रम करत. जळता कापूर जिभेवर ठेवून दाखवत, नारळातून करणीचा धूर कसा काढतात ते फोडून सांगत, आणि शेवटी टेबलावर हात ठेवून ‘भूत नसते’ असं शांतपणे म्हणून खाली बसत. असा हा माणूस निवृत्तीनंतर भुताखेतांच्या, परग्रहांच्या आणि राजा-राक्षसांच्या मालिकांच्या नादी लागला. मुलीनं नागपूरहून भलामोठा टीव्ही पाठवला, आणि तिच्याच खात्यावर जगभरातल्या मालिका बाभुळगावात हिंदी बोलायला लागल्या. मी एकदा धीर करून विचारलं, की मामाजी, तुम्ही भूत मानत नाही तर मग हे पाहता कशाला. त्यांनी चष्मा काढून पुसला. “मानत नाही म्हणूनच तर पाहू शकतो, जवाईबापू,” ते म्हणाले. “जे मानते त्याईले झोप लागत नाही. मले लागते.”

पाहायची त्यांची एक रीत होती. दुपारचं जेवण झालं की समोरच्या खोलीचे पडदे ओढायचे, शर्ट खोचून घ्यायचा, आणि वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायला बसल्यासारखं ताठ खुर्चीत बसायचं. लोळत पाहणं त्यांना मान्य नव्हतं. मध्येच पुढे सरकवणं तर मुळीच नाही. मालिकेच्या भागाला ते धडा म्हणत आणि सीझनला सत्र. धडा संपला तरी शेवटची नावं सरकून जाईपर्यंत उठत नसत, कारण एवढ्या लोकांनी मेहनत केली आहे आणि त्यांची नावं आपण नाही वाचली तर कोण वाचणार. मी वणीला एका कोळसा वाहतुकीच्या ऑफिसात कारकुनी करतो. रविवारी सुट्टी असते, आणि रविवारी सकाळी मामाजींचा फोन असायचाच. ‘जय भीम’ झालं, मुलांची चौकशी झाली, की थेट आठवड्याच्या निकालावर. दरवाजाबाहेर ट्रकांची धूळ उडत असायची आणि कानात कुठल्याशा परग्रहावरच्या बंडाची चिकित्सा चाललेली असायची.

भुतांच्या मालिकांवर त्यांचा पहिला आक्षेप होता तो भुतांच्या स्वागताबद्दल. एका मालिकेत मेलेली बहीण भिजल्या कपड्यांनी दाराशी येऊन उभी राहते आणि घरातले सगळे किंचाळत माडीवर पळतात. त्या रविवारी मामाजी खरोखर दुखावलेले होते. घरची मुलगी एवढ्या दुरून आली, तिला कोणी बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही, काहून आली तेवढंही कोणी विचारलं नाही, असं ते मला पुन्हा पुन्हा सांगत राहिले. जणू त्या घरातला मीच थोरला भाऊ होतो. दुसरा आक्षेप घरांबद्दल. नवरा, बायको, दोन मुलं, आणि घर मात्र पंधरा-वीस खोल्यांचं. “एवढ्या खोल्याईत झाडू कोण मारते?” हा प्रश्न त्यांनी मला इतक्या गंभीरपणे विचारला, की बायकोला विचारून सांगतो असं मी म्हणून गेलो. त्यांचं म्हणणं असं होतं, की झाडणारी बाई एकदा जरी दाखवली असती, तरी तिनं पहिल्याच धड्यात सांगून टाकलं असतं की तळघरात काय आहे, आणि मालिका तिथंच आटोपली असती. म्हणूनच तिला दाखवत नाहीत. मी बराच विचार केला, पण मला यातली चूक काही काढता आली नाही.

राजा-राक्षसांच्या मालिकांशी त्यांचं भांडण याहून जुनं आणि याहून कडू होतं. ड्रॅगन उडो, मुडदे चालोत, त्याचं त्यांना काही नव्हतं. पण कुठल्या तरी जुन्या ग्रंथात अमक्याचा जन्म होणार असं लिहून ठेवलं आहे म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. निकाल आधीच लागलेला असेल तर परीक्षा कशाला घेता, असं ते विचारत. एक मालिका त्यांना फार आवडली होती. तिच्यात घोड्यांची लीद उपसणारा एक पोरगा स्वतःच्या हिमतीवर मोठा होत जातो. मामाजी चार महिने त्या पोराबद्दल आपल्याच शाळेतला असल्यासारखं बोलत होते. शेवटून दुसऱ्या धड्यात कळलं, की तो लहानपणी हरवलेला राजपुत्र आहे. मामाजींनी तिथल्या तिथं टीव्ही बंद केला. रविवारी त्यांचा आवाज इतका पडलेला होता, की घरी सगळं बरं आहे ना असं मला विचारावं लागलं. “निघाला राजाचाच पोरगा,” ते म्हणाले. “मंग एवढे धडे लीद उपसाले लावली कायले त्याले?” त्या मालिकेचा शेवटचा धडा त्यांनी आजतागायत पाहिलेला नाही. आमच्या ऑफिसातल्या एकानं शेवट फार भव्य आहे म्हणून सांगितलं, तर मी त्याला मामाजींसमोर जाऊ नको असा सल्ला दिला.

विज्ञानाचे मास्तर असल्यामुळे अंतराळाच्या मालिकांवर ते तुटून पडतील असं मला वाटायचं. तसं झालं नाही. प्रकाशापेक्षा जास्त वेग, एका उडीत दुसरी आकाशगंगा, हे सगळं ते ‘त्याईचं ते पाहतीन’ म्हणून सोडून देत. त्यांना बोचायचं ते वेगळंच. पिढ्यान्पिढ्या यान उडतं आहे, माणसं त्यातच जन्मतात, त्यातच म्हातारी होतात, आणि चूल एकदाही दिसत नाही. भूतकाळात जाणारं यंत्र असलं तर माणूस दर वेळी लढाईत नाहीतर राजवाड्यातच जाऊन उतरतो. एखाद्या साध्या गावात, बाजाराच्या दिवशी, विहिरीपाशी कोणी का उतरत नाही? असं यंत्र खरंच निघालं तर माणसाला बुडालेलं गाव पाहून येता येईल, असं एकदा बोलता बोलता ते म्हणाले आणि गप्प झाले. ते फोनवर कधी गप्प होत नसत, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं. आणि अंधार! हल्लीच्या मालिकांमध्ये म्हणे एवढा अंधार असतो, की कोण मेलं ते दुसऱ्या दिवशी समजतं. टीव्हीच बिघडला असेल म्हणून त्यांनी यवतमाळहून मेकॅनिक बोलावला होता. तो बिचारा आला, मामाजींशेजारी बसून त्यानं अख्खा धडा पाहिला, चहा घेतला, आणि टीव्ही चांगला आहे, सिरियलच तशी आहे, असा दाखला देऊन गेला.

ही मतं मी वणीत माझी म्हणून बिनदिक्कत खपवायचो. ऑफिसात मला विचारवंत समजायला लागले होते. मामाजींच्या बुद्धीचं मला फार कौतुक वाटायचं, आणि ते तसंच राहिलं असतं, जर एका उन्हाळ्यात बायको-मुलांना घेऊन चार दिवस मी बाभुळगावला राहिलो नसतो.

दुपारी मामाजींनी शर्ट खोचून धडा पाहिला. नावं संपली. मी मत ऐकायला सरसावून बसलो, तर ते मला ओलांडून सरळ स्वयंपाकघरात गेले. तिथं मामी संध्याकाळची तूरडाळ निवडत बसल्या होत्या. मामी कधीही टीव्ही पाहत नसत. त्या डब्याकडे पाहिलं की डोळे दुखतात म्हणायच्या, आणि ‘मले ऐकूनच दिसते’ असं वर सांगायच्या. मामाजी पाटावर बसले आणि त्यांनी अख्खा धडा मामींना पहिल्यापासून सांगितला. पण तो मी पाहिलेला धडा नव्हताच. अध्यापनाचं जुनं सूत्र आहे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावं. मामाजींनी ते निवृत्तीनंतरही सोडलं नव्हतं. त्यांच्या सांगण्यात ग्रहांची नावं नेर, दारव्हा, दिग्रस अशी होती. अंतराळयानाला ते एसटीसारखं लाल गाडी म्हणत. परग्रहावरचा सेनापती पुसद बाजूचा होता. कथा मात्र ते बदलत नसत. मेलेला माणूस त्यांनी कधी जिवंत ठेवला नाही आणि हरलेल्याला कधी जिंकवलं नाही. त्यात आपल्या पदरचं एक अक्षर घालणं त्यांना परीक्षेत कॉपी करण्यासारखं वाटायचं.

आणि मामी मध्येच विचारायच्या. सुपावरची नजर न काढता, अगदी सहज. लाल गाडीत एवढे लोक, मग भाकरी कोण थापते? ती पोरगी ओली होऊन आली तर तिला कोणी टॉवेल दिला का? मामाजी अडखळायचे, डोळे मिटून आठवायचे, आणि आठवलं नाही की उठायचे. “थांब,” म्हणायचे, “पाहून सांगतो.” मग ते बाहेर जाऊन तेवढा तुकडा पुन्हा पाहायचे, आत येऊन सांगायचे, आणि बहुतेक वेळा सांगायला लागायचं की नाही, त्यांनी ते दाखवलंच नाही. तेव्हा मामी ‘हूं’ म्हणायच्या. त्या एवढ्याशा ‘हूं’मध्ये त्या मालिकेचा निकाल असायचा, आणि रविवारी तो वणीला पोचायचा. झाडूचा प्रश्न मामींचा होता. पाण्याचा मामींचा होता. राजपुत्राचं तर मामींनी तिसऱ्याच धड्यात ओळखून मामाजींना सावध केलं होतं म्हणे. आमच्या घराण्यातला थोर समीक्षक म्हणून मी ज्यांना मानत होतो, ते खरं तर निरोप पोचवण्याचं काम करत होते. हे कळल्यावर मला मामाजी आधीपेक्षा जास्त आवडायला लागले.

मामींचं माहेर बेंबळा नदीच्या काठचं. धरण झालं तेव्हा गाव पाण्याखाली गेलं आणि वस्ती वर माळावर नव्या गावठाणात आली. गाव हललं त्या दिवसांत मुलगी तापानं फणफणली होती, त्यामुळे मामींना जाता आलं नाही. नंतर गेल्या तेव्हा नुसतं पाणी होतं. कोण आधी निघालं, कोण शेवटी, कोणी विहाराचं दार लावून घेतलं, हे त्यांनी पाहिलं नाही, आणि ती रुखरुख त्यांना जन्मभर राहिली. म्हणूनच ती एक मालिका त्या दोघांच्या इतकी जिव्हाळ्याची झाली असावी. तिच्यात एक ग्रह हळूहळू गोठत जातो आणि लोक यानांमधून निघून जातात. एक म्हातारी मात्र थांबते, कारण वाट चुकलेल्या यानांना दिसावा म्हणून एक दिवा लावायचा असतो, आणि तो लावणारं दुसरं कोणी नसतं. मामाजींनी ती मालिका मामींच्या माहेरात नेऊन बसवली. दिवा विहाराच्या पायरीवर ठेवला. त्या म्हाताऱ्या बाईला दोघंही दिवेवाली म्हणत. मालिकेत तिचं काम तसं लहानच, दोन-चार धड्यांपुरतं. पण मामी रोज आधी तिची चौकशी करायच्या आणि मग बाकीच्यांची.

दुसरं सत्र आलं तेव्हा मामी दवाखान्यात होत्या. मामाजी यवतमाळला त्यांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून मोबाइलवर धडा पाहायचे, तिथंही शर्ट खोचून, आणि मग वाकून कानाशी सांगायचे. सत्राच्या शेवटी शेवटचं यान उडतं, खाली दिव्याचा ठिपका लहान लहान होत जातो, आणि संपतं. मी आणि बायको त्या दिवशी भेटायला गेलो होतो, म्हणून पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं. मामींनी डोळे मिटून घेतले होते. आम्हाला वाटलं डोळा लागला. मग त्यांनी विचारलं, “अन् थे दिवेवाली? तिले आणाले कोण जाईन?” मामाजींनी सांगितलं की ते पुढच्या सत्रात येईल. “पाहून सांगतो,” ते म्हणाले. मामींनी मान हलवली आणि म्हणाल्या, “नक्की पाहा मंग.” त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत.

रविवारचे फोन चालू राहिले, पण त्यात काही राहिलं नाही. मी विचारायचो, नवीन काही पाहिलं का. ते म्हणायचे, पाहिलं एक. कसं होतं? बरं होतं. सगळंच बरं असायचं. राजपुत्र निघाला तरी बरं, अंधार असला तरी बरं. मग आम्ही कापसाबद्दल आणि उन्हाबद्दल बोलायचो, ज्यातलं दोघांनाही फारसं कळत नव्हतं. एक दिवस दिवेवालीचं तिसरं सत्र आलं. मी उत्साहानं सांगितलं तर ते म्हणाले, माहीत आहे. पाहिलं का? नाही. पुढच्या रविवारी विचारलं, तरी नाही. त्यांनी मामींना शब्द दिला होता, आणि तो पाळायला ऐकणारं माणूसच नव्हतं. भूत मानणाऱ्या माणसाला अशा वेळी काही तरी सोय असते. तो तसबिरीसमोर बसून बोलू शकतो. मामाजींनी स्वतःसाठी ती सोय कापूर जाळून जाळून केव्हाच संपवली होती. मला त्यांची फार दया आली, आणि निदान मला तरी ठाऊक असावं म्हणून मी ते सत्र स्वतः पाहून काढलं. पहिल्या धड्यापासून शेवटच्यापर्यंत मी दिवेवालीची वाट पाहिली. नवा ग्रह आला, नवी माणसं आली, लढाया झाल्या. दिवेवालीचं नावही कोणी काढलं नाही. मालिका करणारे तिला विसरून गेले होते. हे मी मामाजींना सांगितलं नाही. सांगवलं नाही.

मामींचं पहिलं पुण्यस्मरण बाभुळगावला घरासमोर मांडव घालून झालं. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका, पांढरे शर्ट घातलेली माणसं, टेबलावर बुद्धमूर्ती, शेजारी मामींचा फोटो. मामींच्या माहेरची माणसं नव्या गावठाणातून काळीपिवळी जीप भरून आली होती. त्रिशरण-पंचशील झालं, भन्तेजींनी अनित्यतेवर चार शब्द सांगितले, आणि मग आदरांजली वाहणारे एकेक उठू लागले. मामी मनमिळाऊ होत्या, आल्यागेल्याचं करत होत्या, घराला आधार होत्या. सगळं खरं होतं आणि ते कोणाहीबद्दल खरं असतं. शेवटी मामाजी उठले. शर्ट खोचलेला होता. काल-परवाच त्यांनी ते सत्र पाहिलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच समजलं. ते म्हणाले, तिनं जाण्याआधी एक गोष्ट विचारली होती, तिचं उत्तर सांगायचं राहिलं आहे, तेवढं सांगतो. आणि त्यांनी दिवेवालीची गोष्ट सुरू केली.

ती त्यांनी मामींना सांगायचे तशीच सांगितली. गाव, नदीकाठ, उठून जाणारी माणसं, लाल गाड्या, विहाराची पायरी, पायरीवरचा दिवा. ही टीव्हीवरची मालिका आहे हे सांगायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही, कारण मामींना ते कधी सांगावं लागलं नव्हतं. माझ्या बायकोनं माझा दंड धरला आणि मामांना आवरा असं डोळ्यांनी सांगितलं. मी उठलो नाही. मांडवात सगळे कान देऊन ऐकत होते. माहेरच्या बायका पदर डोळ्यांना लावत होत्या, कारण त्यांना ती त्यांच्याच गावाची गोष्ट वाटत होती. एक म्हातारे गृहस्थ शेजाऱ्याला हळूच दुरुस्ती सांगत होते, की पहिल्यांदा नदीकाठचे नव्हे, वरच्या आळीचे लोक निघाले होते. मामाजी शेवटच्या गाडीपर्यंत आले. गाडी निघाली. दिवा लहान लहान होत गेला. आणि मामाजी थांबले.

मला ठाऊक होतं ते का थांबले. त्या मांडवात तेवढं मला एकट्यालाच ठाऊक होतं. दोन वाक्यं रचून सांगितली असती तर कोणाला कळणार होतं? पण पडद्यावर न दाखवलेलं त्यांनी आयुष्यात मामींना कधी सांगितलं नव्हतं. ते टेबलावर हात ठेवून उभे राहिले, भूत नसते असं म्हणायच्या आधी उभे राहत तसे. “पुढचं मी सगळं पाह्यलं,” ते म्हणाले. “पुढं थे बाई दिसत नाही. तिले आणाले कोण गेलतं, हे मले सांगता येत नाही.”

पुढच्या रांगेत मामींच्या माहेरची एक फार म्हातारी बाई काठी मांडीवर आडवी घेऊन बसली होती. मामी तिला काकी म्हणत. ती बसल्या जागेवरून म्हणाली, “काहून दिसत नाही? आलती ना थे. आमच्या टेक्टरवर आलती, कंदील मांडीवर घेऊन.” मागून एका बाईनं सांगितलं की कंदील नव्हे, चिमणी होती. काकींनी मान न वळवता कंदीलच होता म्हणून सांगितलं. ते म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले की ती बाई त्यांच्याच आळीतली, सगळ्यात शेवटी विहाराचं दार लावून निघाली, आणि वाटेत दिवा विझू नये म्हणून ट्रॅक्टर हळू चालवायला लावला होता तिनं. तिघाचौघांचं एकदम बोलणं सुरू झालं. भन्तेजींनी हात वर केला, पण तो कोणी पाहिला नाही. हे सगळे खरोखरच्या कुठल्या बाईबद्दल बोलत होते, ती तीच होती की दोघी-तिघींची मिळून एक झाली होती, हे मी आजही सांगू शकत नाही. मामाजी एकाकडून दुसऱ्याकडे पाहत होते. मग ते काकींकडे वळले आणि त्यांनी वर्गातल्या मुलासारखा प्रश्न विचारला, “तिले आणाले कोण गेलतं, काकी?”

काकींना त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. “कोण म्हंजे?” त्या म्हणाल्या. “आमीच गेलतो. गावातलं माणूस मांगं राह्यलं तर मंग कोण जाईन?”

मामाजींनी फोटोकडे पाहिलं नाही. फोटो कागदाचा असतो, हे त्यांनी आम्हाला अनेकदा सांगितलेलं आहे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “बस,” ते म्हणाले. “हेच सांगायचं होतं तिले.” आणि खाली बसले. भन्तेजी साधु म्हणाले, मांडव साधु म्हणाला, आणि लोक जेवायला उठले. मला मात्र काही वेळ उठता आलं नाही. मला रडू येत होतं, आणि ते मी कोळशाच्या धुळीवर ढकलू शकत नव्हतो, कारण बाभुळगावात ती नसते.

पंगत आटोपल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. तिसऱ्या सत्राबद्दल त्यांचं मत विचारलं. त्यांनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला आणि विचार केला. मग म्हणाले, की त्या लोकांकडे पैसा आहे, मशिनी आहेत, सगळं आहे, पण शेवट त्यांना जमला नाही. शेवट आपल्या लोकांनी बरा केला. तेव्हा आत स्वयंपाकघरात भांडी वाजली, आणि ते बोलता बोलता क्षणभर तिकडे पाहत राहिले. तिथं शेजारच्या बायका होत्या.

त्यानंतरच्या रविवारी फोन आला. जय भीम झालं, मुलांची चौकशी झाली. मग म्हणाले, एक नवी लागली आहे, भुताची, पहिला धडा पाहिला. मी मत ऐकायला सरसावलो, तर त्यांनी मत दिलंच नाही. त्यांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली. पांढरकवड्याकडे जंगलाच्या कडेला एक घर आहे, त्यात एक लहान पोरगी राहते, ती रोज भिंतीशी बोलते. मी हो हो करत राहिलो. पण मला समजलं की ते अधूनमधून थांबत आहेत, आणि त्या थांबण्यात मी काही तरी विचारायला हवं आहे. मला काही सुचेना. ते काम मला कधी आलंच नाही. मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो, फोनचा स्पीकर लावून तो पोळपाटाशेजारी ठेवला आणि बायकोला नुसती खूण केली. ती पोळ्या लाटत होती. ऐकत राहिली. भिंतीतून आवाज आला, दिवा गेला, पोरगी किंचाळली. बायकोनं तव्यावरची पोळी उलटली आणि फोनकडे न पाहताच विचारलं, “अन् मामा, एवढ्या वेळ त्या पोरीची माय कुठं हाय?”

पलीकडून चाललेली गोष्ट मध्येच तुटली. फोन कटला की काय म्हणून मी वाकून पाहिलं. चालू होता. मग मामाजी खाकरले. “थांब माय,” ते म्हणाले, “पाहून सांगतो.” आणि फोन तसाच ठेवून ते समोरच्या खोलीत गेले. आम्ही दोघंही पोळ्या थांबवून, दुरून येणारा त्यांच्या टीव्हीचा आवाज ऐकत उभे राहिलो.